‘शरियतमध्ये असंच आहे’ म्हणजे नेमकं कुठे आहे?

(नागपूरमध्ये कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासशिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय थोडा जड आहे. इस्लामी कायदा म्हणजे काय आणि त्यातले नियम कसे ठरतात, हे मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. मी आलिमा नाही, मदरशात शिकलेली नाही. कोर्टात बायकांच्या केसेस चालवते आणि त्या चालवता चालवता हे शिकत गेले. त्यामुळे मी सुरुवात एका बाईपासूनच करते.

मोमिनपुऱ्यातली एक बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. वय तीस-बत्तीस, दोन मुलं. नवरा कामाला म्हणून बाहेरगावी गेला तो परतलाच नाही. पाच वर्षं झाली होती. पत्र नाही, पैसा नाही, जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही. माहेरचे म्हणत होते, दुसरं लग्न करून दे. वस्तीतल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, ‘नवरा मेल्याची खबर येत नाही तोवर तू त्याच्याच निकाहात आहेस. शरियतमध्ये असंच आहे.’ मी तिला विचारलं, ‘कुठे आहे?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘बाजी, मला काय ठाऊक? मी कुराण अरबीत वाचते, अर्थ कुणी शिकवला?’

तिचं उत्तर हे आपल्यापैकी बहुतेकींचं उत्तर आहे. म्हणून ‘कुठे आहे?’ हा एकच प्रश्न धरून आज आपण पुढे जाऊ.

पहिली गोष्ट म्हणजे शरियत आणि फिक्ह हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोन्ही एकच धरतो आणि तिथेच फसतो. शरियत या शब्दाचा मूळ अर्थ पाण्याकडे नेणारी वाट. श्रद्धावान माणसाच्या दृष्टीने ती ईश्वराने दाखवलेली वाट आहे. फिक्ह म्हणजे समज, आकलन. ती वाट माणसांना जशी समजली, तशी त्यांनी मांडली, ते फिक्ह. वाट ईश्वराची, पण तिचा नकाशा माणसांनी काढलेला आहे. ज्यांनी तो काढला ते फकीह विद्वान होते, प्रामाणिक होते, आपलं मत चुकू शकतं याची जाणीव बाळगणारेही होते. पण ते माणसंच होते, आणि जवळजवळ सगळे पुरुष होते. आपल्याला ‘शरियत’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला फार मोठा भाग फिक्ह आहे.

मग हे फिक्ह तयार कसं होतं? त्याचंही एक शास्त्र आहे, त्याला उसूल-ए-फिक्ह म्हणतात. सुन्नी परंपरेत त्याचे चार मुख्य आधार मानले जातात.

पहिला आधार कुराण. कुराणात सहा हजार दोनशेहून अधिक आयती आहेत. त्यातल्या प्रत्यक्ष कायद्याविषयीच्या आयती साधारण पाचशे धरल्या जातात, काही अभ्यासक त्याहूनही कमी धरतात. म्हणजे जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं तयार उत्तर तिथे लिहून ठेवलेलं नाही.

दुसरा आधार सुन्नत, म्हणजे पैगंबरांचं वागणं-बोलणं. ते आपल्यापर्यंत हदीसच्या रूपाने आलं. अमुकने तमुककडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून, अशी सांगणाऱ्यांची साखळी प्रत्येक हदीसला असते. ती साखळी पक्की की कच्ची हे तपासण्यात विद्वानांनी आयुष्यं घालवली. तेव्हा कुणी ‘हदीसमध्ये आहे’ म्हटलं, तर ‘कोणत्या ग्रंथात, किती भरवशाची?’ हे विचारणं उद्धटपणा नाही. ती त्या शास्त्राचीच रीत आहे.

तिसरा आधार इज्मा, म्हणजे विद्वानांचं एकमत. एकमत कुणाचं आणि कोणत्या काळातलं, यावरही मतभेद आहेत.

चौथा आधार कियास. म्हणजे माहीत असलेल्या नियमामागचं कारण शोधायचं आणि तेच कारण जिथे दिसेल तिथे तो नियम लावायचा. नेहमी दिलं जाणारं उदाहरण दारूचं आहे. द्राक्षाच्या दारूला मनाई का? नशा चढते म्हणून. मग ताडी असो, मोहाची असो की आजची एखादी नशेची गोळी, कारण तेच, म्हणून मनाईही तीच. या कारणाला ‘इल्लत’ म्हणतात. फकीहाचं खरं कसब इल्लत ओळखण्यात आहे.

याशिवाय इस्तिहसान, म्हणजे काटेकोर कियासने अन्याय्य किंवा गैरसोयीचं उत्तर येत असेल तर अधिक योग्य उत्तर निवडणं. मसलहत, म्हणजे लोकांचं हित. आणि उर्फ, म्हणजे त्या त्या ठिकाणचा रिवाज. हे सगळं वापरून नियम काढण्याच्या कष्टाला इज्तिहाद म्हणतात. आधीच्यांनी काढलेला नियम तसाच मानून चालणं म्हणजे तकलीद. आपल्याकडे शतकानुशतकं मुख्यतः तकलीदच चालत आली.

आता माणसांनी काढलेले नियम म्हटले की ते सगळीकडे सारखे असणार नाहीत, हे ओघानेच आलं. सुन्नींमध्ये चार मोठ्या परंपरा टिकल्या. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) कूफ्याचे, कापडाचे व्यापारी. इमाम मालिक (मृत्यू ७९५) मदिनेचे. इमाम शाफई (मृत्यू ८२०) यांनी उसूलची शिस्तशीर मांडणी केली. इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) बगदादचे. शिया मुस्लिमांची जाफरी परंपरा वेगळी, बोहरा समाजाची आणखी वेगळी. आणि एकाच परंपरेच्या आतही एकवाक्यता नाही. अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी कितीतरी बाबतीत गुरूपेक्षा वेगळं मत दिलं, आणि ती मतंही हनफीच मानली जातात.

आपण विदर्भातले बहुतेक सुन्नी हनफी. कोकणातले मुस्लिम शाफई. लहानपणी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. एकदा चिपळूणकडच्या नातेवाइकांकडे लग्नाला गेलो तेव्हा ताटात तिसऱ्यांचं कालवण आलं. माझ्या दादीने ताट बाजूला सरकवलं, ‘हे आपल्यात चालत नाही’ म्हणाली. यजमानीणबाई दुखावल्या, ‘आम्ही काय मुसलमान नाही?’ दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. हनफी फिक्हमध्ये समुद्रातला मासा तेवढा चालतो, कोळंबीवरसुद्धा वाद आहे. शाफई फिक्हमध्ये समुद्रातल्या बहुतेक जीवांना परवानगी आहे. धर्म एक, कुराण एक, आणि ताटं दोन.

ताटातला फरक आपण हसून सोडून देतो. पण हाच फरक बाईच्या आयुष्यालाही लागू होतो. सज्ञान मुलीला वलीशिवाय, म्हणजे बाप-भावाच्या मध्यस्थीशिवाय, स्वतःचा निकाह करता येतो का? हनफी म्हणतात, येतो. शाफई म्हणतात, वली हवाच. म्हणजे इथे हनफी फिक्ह बाईला अधिक मोकळीक देतं. पण बाईला नको असलेल्या लग्नातून सुटायचं असेल तर? तिथे हनफी फिक्ह सगळ्यात कडक! नवरा सोडत नसेल तर काझीकडून लग्न मोडून घेण्याची फार थोडी कारणं त्यात मान्य होती. मालिकी फिक्हने ती कितीतरी अधिक दिली. तेव्हा ‘अमुक मझहब चांगला, तमुक वाईट’ असं म्हणता येत नाही. प्रत्येक नियम सुटा करून तपासावा लागतो.

आता त्या मोमिनपुऱ्यातल्या बाईकडे परत येऊ. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने किती थांबायचं? जुनं हनफी मत असं की त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत. काहींनी हिशेब केला, नवरा नव्वद वर्षांचा होईपर्यंत! इमाम मालिक यांनी दुसरे खलिफा उमर यांच्या निर्णयाच्या आधारे सांगितलं, चार वर्षं, आणि त्यानंतर नवरा वारल्यावर पाळतात तशी चार महिने दहा दिवसांची इद्दत. एकीकडे सगळं आयुष्य, दुसरीकडे चार वर्षं. कुराणात याचा आकडा नाही. दोन्ही मतं माणसांनी काढलेली.

आपल्या देशात हा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेटला. नवरा बेपत्ता, नवरा पोसत नाही, नवरा मारतो, आणि काझीच्या दारात सुटका नाही, अशा अवस्थेत विशेषतः पंजाबमधल्या काही बायकांनी एक वाट काढली. त्यांनी धर्मच सोडल्याचं जाहीर केलं, कारण हनफी फिक्हनुसार बायकोने इस्लाम सोडला की निकाह तुटतो, आणि इंग्रजांची कोर्टंही ते मान्य करत. विचार करा, मैत्रिणींनो, सुटकेसाठी ज्या बाईला धर्माबाहेर जावं लागतं, तिची कोंडी किती असेल!

मग उलेमा हलले. देवबंदी परंपरेतले मोठे हनफी विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी आधी स्वतःच अशा स्थितीत निकाह तुटतो असं मत दिलं होतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते बदललं. मदिनेच्या मालिकी मुफ्तींशी पत्रव्यवहार केला आणि ‘अल-हीलतुन्नाजिझा’ हे पुस्तक तयार केलं. त्यांनी मांडलं की गरज पडली तर हनफी माणसाला या बाबतीत मालिकी नियम घेता येतो. पुढे काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं आणि १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी दिली नाही, सात वर्षांची शिक्षा झाली, क्रूरपणे वागवतो, अशा कारणांवर बाई कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते. त्याच कायद्याने असंही ठरवलं की बाईने इस्लाम सोडला म्हणून तिचा निकाह आपोआप तुटणार नाही. म्हणजे एक दार बंद केलं आणि दुसरं उघडलं. उलेमांची एक मागणी मात्र राहिली. असे खटले मुस्लिम न्यायाधीशानेच चालवावेत असं त्यांचं म्हणणं होतं, ते कायद्यात आलं नाही.

या कायद्याने दिलेल्या कारणांवर आपण त्या बाईचा दावा लावला. बेपत्ता असण्याचं कारण आणि पोटगी न देण्याचं कारण, दोन्ही. बेपत्ता नवऱ्याच्या बाबतीत त्याच्या वारसांना नोटीस द्यावी लागते, आणि हुकूम सहा महिन्यांनी अमलात येतो, मध्ये तो परतला तर त्याला बाजू मांडायची संधी असते. तिला हुकूम मिळाला. त्या दिवशी ती मला म्हणाली, ‘बाजी, मग इतकी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?’ मला तिचा राग समजला. जो नियम १९३९ सालीच, तोही उलेमांच्या पुढाकाराने, बदलला होता, तो तिच्या गल्लीपर्यंत अजून पोहोचला नव्हता.

दुसरं उदाहरण तीन तलाकचं. कुराण तलाकला टप्पे घालून देतं. दोनदा तलाक, मध्ये इद्दत, सोबत राहायचं तर नीट राहा, सोडायचं तर भलेपणाने सोडा, असा त्याचा आशय. भांडण झालं तर दोन्ही बाजूंचा एकेक पंच नेमायला सांगितलं आहे. मग एका दमात तीन तलाक कुठून आला? ‘सहीह मुस्लिम’ या हदीसग्रंथात इब्न अब्बास यांच्या नावे असं आहे की पैगंबरांच्या काळात, अबू बक्र यांच्या काळात आणि उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांत एकदम दिलेले तीन तलाक एकच धरले जात. लोक उतावीळपणा करू लागले, तेव्हा उमर यांनी ते तीनच धरून अमलात आणले. पुढे चारही सुन्नी परंपरांनी तेच पकडलं. चौदाव्या शतकात इब्न तैमिया यांनी विरोध केला. जाफरी परंपरा ते मानत नाही. आपल्याकडचे अहल-ए-हदीसही एका दमातल्या तीनला एकच धरतात. इजिप्तने १९२९ साली कायद्यानेच ते एक ठरवलं. म्हणजे ‘सगळ्या मुसलमानांचं एकमत आहे’ हे विधानच खरं नव्हतं.

कोर्टातही हे हळूहळूच आलं. २००२ साली दगडू पठाण खटल्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की नवऱ्याने ‘मी तलाक दिला’ एवढं कैफियतीत लिहून भागत नाही. कारण काय होतं आणि समेटाचा प्रयत्न झाला का, हे त्याने सिद्ध करायला हवं. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच दिशा धरली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तलाक रद्द ठरला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवून तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. या कैदेवर आपल्या चळवळीतही दोन मतं आहेत. नवरा तुरुंगात गेला तर घर कोण चालवणार, हा प्रश्न खोटा नाही.

आणखी एक गंमत सांगते. कोर्टात मुस्लिम कायद्याचा आधार म्हणून आम्ही वकील जे पुस्तक उघडतो, त्याला सगळे ‘मुल्ला’ म्हणतात. नवीन पक्षकारांना वाटतं कुणा मौलवींनी लिहिलंय. ते लिहिलं दिनशा फरदुनजी मुल्ला यांनी, मुंबईचे पारशी कायदेपंडित! त्याच्या पुढच्या काही आवृत्त्या संपादित केल्या न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. ते आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, इथल्या उच्च न्यायालयात वकील, न्यायाधीश आणि मुख्य न्यायाधीश, पुढे देशाचे सरन्यायाधीश. त्याआधी बाराव्या शतकातला ‘हिदाया’ हा हनफी ग्रंथ चार्ल्स हॅमिल्टन यांनी १७९१ साली इंग्रजीत आणला आणि इंग्रज न्यायाधीश त्यावरून निकाल देऊ लागले. जिवंत चर्चा होती, तिचं बांधीव पुस्तक झालं. तेव्हा कोर्टातली ‘शरियत’ही मदिनेहून सरळ नागपूरला आलेली नाही. वाटेत कूफा, बगदाद, कलकत्ता, लंडन आणि मुंबई लागली.

फतव्याचंही असंच. मुफ्ती देतो ते मत, तो हुकूम नव्हे. ७ जुलै २०१४ रोजी विश्व लोचन मदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फतवा कुणावर कायद्याने बंधनकारक नाही. कुणी कागद दाखवून तुम्हाला घाबरवलं तर हे लक्षात ठेवा.

‘पण बायांनी यात बोलायचं का?’ असं विचारतात. हजरत आयशांच्या नावे दोन हजारांहून अधिक हदीस सांगितल्या जातात. ‘बुखारी’त असा प्रसंग आहे की नमाजीसमोरून कुत्रा, गाढव किंवा बाई गेली तर नमाज मोडतो असं काहीजण सांगत होते. आयशांनी झापलं की आम्हाला तुम्ही कुत्र्या-गाढवांच्या रांगेत बसवलंत! आपण स्वतः समोर पहुडलेल्या असताना पैगंबर नमाज पढत, असं त्यांनी सांगितलं. बहुतेक फकीहांनी पुढे त्यांचीच बाजू घेतली. खुलाचा दाखलाही एका बाईमुळेच आहे. साबित बिन कैस यांच्या पत्नीने पैगंबरांसमोर जाऊन सांगितलं की मला या माणसाबरोबर राहायचं नाही. मेहरमध्ये मिळालेली बाग परत द्यायला लावून तिला मोकळं केलं गेलं. बाई बोलली म्हणून नियम झाला.

आता तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, धर्मग्रंथांच्या या खटाटोपात पडायचंच कशाला? सरळ सगळ्यांना एक न्याय्य कायदा मागू या. १९६६ साली हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले तेव्हा त्यांची मागणी तीच होती, आणि त्या सात जणींचं धैर्य मी कधी विसरत नाही. मीही असं म्हणत नाही की फिक्हमध्ये आपल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. वारसाहक्कात बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा, हे फकीहांचं आकलन नव्हे, कुराणाच्या शब्दातच आहे. बहुपत्नीत्वाचाही प्रश्न आहे. तिथे नुसता मझहब बदलून भागणार नाही. राज्यघटना आपल्या हातात हवीच.

पण कायदा होईपर्यंत आणि झाल्यावरही बाई वस्तीत राहणार असते. तिची आई, तिचा भाऊ, मशिदीतले बुजुर्ग यांच्यामध्ये. ‘हे धर्माविरुद्ध आहे’ या एका वाक्याने तिचं अवसान गळतं, मग हातात कोर्टाचा हुकूम असला तरी. त्या वाक्याला उत्तर देता यावं म्हणून मला हे शास्त्र हवं आहे. शिवाय बाहेरचे लोक ‘यांचा कायदा असाच रानटी, तो कधी बदलत नाही’ असं म्हणतात आणि आतले लोक ‘आमचा कायदा ईश्वराचा, तो कधी बदलत नाही’ असं म्हणतात. दोघांचं म्हणणं एकच आहे, आणि दोघंही चूक आहेत.

तेव्हा आपल्या सल्ला केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच सांगेन. कुणी ‘शरियतमध्ये असंच आहे’ म्हटलं की नम्रपणे चार प्रश्न विचारा. हे कुराणात आहे, हदीसमध्ये आहे की फकीहाचं मत आहे? कोणत्या मझहबचं? दुसऱ्या मझहबचं काय म्हणणं आहे? आणि आज देशाचा कायदा काय म्हणतो? शेवटच्या प्रश्नासाठी १९३९ च्या कायद्याची कारणं मराठीत लिहून भिंतीवर लावा. पोटगीसाठी फौजदारी संहितेचं जुनं १२५ कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. तेही खाली लिहा. आणि निकाहनामा सहीच्या आधी वाचा. मेहर किती, अटी कोणत्या, तलाकचा अधिकार बायकोकडेही सोपवला आहे का. याला तफवीझ म्हणतात आणि हनफी फिक्हला तो मान्य आहे. हा हक्क मागायला कोर्ट लागत नाही, लग्न ठरतानाच हिंमत लागते.

ती मोमिनपुऱ्यातली बाई आता शिवणकाम करते, मुलगी दहावीला आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या एका मुलीला घेऊन ती माझ्याकडे आली. मी काही विचारायच्या आधीच तिने त्या मुलीला सांगितलं, ‘त्यांना आधी विचार, कुठे लिहिलंय ते.’